खुडूक कोंबडीखालची अंडी

आरतीअक्का, पाया पडतो.

मी एक गाढवपणा केलाय. आईनं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, त्याच दिवशी मी ती अंडी खाल्ली अन् सिंधुकाकूच्या बदकाची चोरून कोंबडीखाली ठेवली. कोंबडीची पिल्लं नाल्यात पोहायला लागली, की आईचं तोंड बघायचं होतं.

इथं लातुरात मावशी म्हणली, "येड्या, बदकाला अठ्ठावीस दिवस लागतेत!" आई तर कोंबडीच्या हिशोबानं एकविसाव्या दिवशी, नासली म्हणून उकिरड्यावर फेकंल. परवाच एकविसावा हाय. आतली पिल्लं जिती असतील गं!

फोन आईच उचलती, म्हणून चिठ्ठी कंडक्टरकडं दिली. कायबी थाप मार, पण आठवडाभर तिला थांबव.

मी टायमावर जेवतो. आईचा गुडघा कसा हाय? काकू अजून मुंगसालाच शिव्या देती का? देऊ दे. तुझ्या हातापाया पडतो, अक्का, कुणाला सांगू नको.

तुझा बजरंग