तीन वर्षांचं की चार वर्षांचं

मु. उंद्री, ता. चिखली

ती. पुष्पांजली आत्यास प्राचीचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? नर्सच्या ड्यूटीत वॉर्डात दिवसभर उभं राहून सुजत असतील, म्हणून आधी तेच विचारते. फोनच करणार होते. पण बाबा फोन स्पीकरवर टाकतात आणि मग सगळी गल्लीच बोलायला लागते.

बारावीचा निकाल लागल्यापासून गावानं मला नर्स करूनच टाकलं आहे. कोणती, एवढंच ठरायचं आहे: तीन वर्षांचा डिप्लोमा की चार वर्षांची डिग्री? उकंडरावकाका (एसटीतले रिटायर कंडक्टर, दवाखान्याचा अनुभव म्हणजे स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन) म्हणतात, डिप्लोमावाली सुई टोचते आणि डिग्रीवाली तिच्यावर ओरडते. शेजारच्या अंबूबाईनं तर परवा लंगडी बकरी दारात आणून बांधली. मला अजून काही येत नाही म्हटलं, तर म्हणाली, हिच्यावरच शीक. बकरीनं माझं बायोलॉजीचं गाईड अर्धं खाल्लं आणि घरी जाताना लंगडत नव्हती. (माझ्या हाताला गुण आहे, असं आता गावभर झालं आहे.)

भांडण आहे ते घरात. आईला डिप्लोमा हवा, बाबांना डिग्रीच. बाबांनी तुला आईला अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं असेल. आत्या, तिच्या छातीतली गाठ फुटली आहे. ती आता अंथरुणातून उठत नाही. चिखलीच्या कॉलेजातल्या मॅडमनी बाबांना नीट समजावलं, की आधी डिप्लोमा करून पुढं डिग्रीही घेता येते. संध्याकाळी तिच्या अंथरुणाशी जेवायला बसलो, तेव्हा आईनंच विषय काढला.

"तीन वर्सं मी कसेबी काढीन," ती म्हणाली. "पोरीले नर्सच्या कपड्यात पाहू द्या मले."

बाबांनी ताट सरकवलं. "चार काऊन नाही काढणार तू? चारचंच करन पोरगी."

तोवर मला वाटत होतं, बाबा डिग्रीसाठी भांडतात. डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाहेर बोलावून आईची जी मुदत सांगितली होती, ती वर्षांत नव्हतीच.

मग मी बाबांना सांगितलं, डिग्री करते. ते जेवले. आईला कानात सांगितलं, डिप्लोमाच घेते. तीही दोन घास जेवली. दोघं माझ्यावर खूश आहेत आणि एकमेकांशी त्यावर बोलत नाहीत, म्हणून निभतंय.

तुझी,
प्राची

ता.क. मी कोणतं करावं, ते तू कळवू नको. त्यासाठी पत्र नाही.

ता.क. आईची पट्टी बाबा बदलतात. त्यांच्या हातून ती ओढल्या जाते, आईले दुखते. मी दाराबाहेर उभी राह्यते. आई मले आत बोलावते, पण माझा पाय उचलत नाही. तू रजा टाकून ये आणि माझा हात धरून एकदा शिकव. कॉलेज कोणतंही असो, ते उघडायले अजून टाइम आहे. पट्टी रोज बदलावी लागते.