घरात आणखी कुणाला ताप?

निर्णा, ता. हुमनाबाद
२३ जानेवारी २०११

चि. रेणूस,
अण्णाचा आशीर्वाद. तू सोलापुरात सुखी असावीस. पाच वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी वाईट काही झालेलं न्हाई. तुझी वहिनी जगदेवी आठवण काढते. तुरीची रास झाली. मेंढरं आता चाळीसच ठेवलीत.

माझ्या पाठीचं तुला कुणी कळवलं नसेल. मणक्याचा टीबी म्हणून वर्षभर गोळ्या खाल्ल्या, तरी काठीशिवाय उठता येईना. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी मणक्यात सुई घालून पू काढला. तपासात काही सापडेना, म्हणून तो पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडला. तिथं म्हणे जंतूच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा यंत्रावर अक्षर-अक्षर वाचतात आणि ओळखीच्या जंतूंशी ताडून बघतात. तीन आठवड्यांनी कागद आला. टीबी नव्हताच. मेंढरांचा रोग होता, ब्रुसेला नावाचा. कच्च्या दुधातून येतो, गाभडलेल्या मेंढीची वार हातानं काढली तरी येतो. गोळ्या बदलल्या. आता मी चालायलोय.

कागद वाचून बाईंनी विचारलं होतं, “घरात आणखी कुणाला असा ताप? बायकांत कुणाचं पोट पडलं होतं?”

मी म्हणालो, “न्हाई.”

जगदेवी शेजारीच होती. बसमध्ये हुमनाबाद येईपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मग एवढंच बोलली, “रेणूचं नाव घ्यायला जीभ कामून उचलली न्हाई तुमची?”

रेणू, गाभडलेल्या मेंढ्यांची वार तूच काढायचीस. लग्नानंतरही मीच तुला त्यासाठी बोलावून घ्यायचो. दुसऱ्यांदा तुझं पोट पडलं आणि महांतेशराव तुला सासरहून, चिंताकीहून आणून सोडून गेले, तेव्हा तू रोज दुपारनंतर तापानं कापायचीस. “अण्णा, हाडं दुखायलीत,” म्हणायचीस. मी चार माणसांत म्हणालो, “सोंग करायलीय. हिला नांदायचंच न्हाई.” महांतेशरावांना दुसऱ्या लग्नाची मोकळीक मीच दिली. तू दाराआडून ऐकत होतीस, हे मला ठाऊक होतं.

परवा एकटाच हैदराबादला जाऊन बाईंना खरं सांगितलं. तुझ्या दोन्ही वेळचं कारण हेच, असं आता खात्रीनं सांगता येत न्हाई म्हणाल्या; पण असू शकेल. रोग अंगात दडून राहतो, तिचं रक्त तपासा, असं त्यांनी बजावलं. त्यांची चिठ्ठी सोबत आहे. सोलापुरातच मोठ्या दवाखान्यात दाखव. त्यासाठी माझ्या दारात यायची गरज न्हाई.

चिंताकीलाही जाऊन आलो. महांतेशरावांना आता दोन लेकरं आहेत. त्यांना सगळं सांगितलं. “आता सांगून काय उपयोग, अण्णा?” म्हणाले.

माफ कर असं लिहायला हात धजत न्हाई. तू बोलू नकोस, उत्तर धाडू नकोस, पण रक्त तपासून घे.

तुझा ताप खरा होता.

नागप्पा