पायलटच्या रकान्यातलं नाव

प्रिय समाधान,

तुझ्या आईंसमोर तुला ‘अहो’ म्हणते, पण इथं ‘तू’च म्हणणार. मी रागावलेय, आणि ‘अहो’ म्हणत नवऱ्यावर नीट रागावता येत नाही. सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं. काल तू नेपाळातल्या भैरहव्याहून फोनवर सांगितलंस, ड्रोनची पायलट म्हणून माझं नाव काढून तिथल्या एका मुलाचं घालू, तू फक्त संमतीची सही पाठव. मी तोंड उघडायच्या आत ‘रेंज जातेय’ म्हणत ठेवूनही दिलास. तुझी रेंज बरी नेमकी तेव्हाच जाते रे!

आपलं ड्रोन नेपाळच्या डोंगरात नेऊन विजेच्या तारा तपासायच्या, हे वेड मुळात माझं. चाकणच्या गाळ्यात पत्र्याखाली घाम पुसत दोन्ही देशांचे अर्ज मी भरले. ड्रोन देशाबाहेर न्यायला आपल्या सरकारची परवानगी, तिथं उडवायला त्यांची. एका साहेबानं तर विचारलं, मॅडम, लग्नाचं शूटिंग करायला एवढ्या लांब कशाला जाता? मी दात-ओठ खात हसले.

आणि तू काय केलंस? नेपाळच्या परवानगीच्या ऑफिसनं ड्रोनवरच्या नंबराचा जवळून काढलेला फोटो मागितला, तर तू खंडेनवमीच्या पूजेचा पाठवलास! आईंनी इतकं मनापासून हळदकुंकू लावलं होतं की नंबर पार झाकलेला, वर झेंडूची माळ. फाइल परत आली. तिथल्या बाईंनी विचारलं, यंत्राला अपघात झालाय का, हे लाल काय आहे? तेव्हा आपण पोट धरून हसलो. आता हसू येत नाही. त्या घोळात महिना गेला, आता धुकं पडायच्या आत काम संपवा म्हणून तिथली कंपनी मागे लागलीय, आणि तू म्हणतोस, तिथलाच पायलट घेतला की परवानगी लवकर मिळेल. घोळ तुझा आणि नाव कटणार माझं. वा रे न्याय!

खरं सांग, कारण एवढंच आहे का? अनितावन्संनी सांगितलं मला. गावाकडचे तुझे चुलतभाऊ पारावर म्हणत होते, बायको परमुलखात इमान उडवणार अन् समाधानराव मागं बॅटऱ्या उचलणार. तुला ते लागलं. लागणारच, मी काय दगड आहे का न कळायला? पण मलाही काही लागतं की. कंपनीतली क्वालिटीची नोकरी सोडून मी हे लायसन्स काढलं. भर उन्हात माळावर शिकत होते, तेव्हा तू माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचास, लोक बघायचे तरी. तो माणूस मला फार आवडायचा. अजून आवडतो, म्हणून तर एवढा जीव जळतोय.

मला वाटलं, आई तरी तुझी बाजू घेतील. त्या अबोलीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, जा की तू, पोरीला म्या बघते, त्याला एकट्याला काय जमतंय व्हय! मी त्यांच्या गळ्यातच पडले. मग अबोली रडायला लागली, अर्धीच वेणी घातली म्हणून.

इथवर पिंपळे सौदागरला घरी बसून लिहिलं होतं. आता सीमेवरच्या सोनौलीला जाणाऱ्या बसमध्ये बसलेय, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. तू फोन ठेवलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी परवानगी आली, दोन्हीकडची. पायलटच्या रकान्यात माझंच नाव आहे. तुला मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर तू पुन्हा गोड बोलून सही मागितली असतीस, आणि मी कदाचित दिलीही असती. तुझ्यापुढे मी अशीच वितळते, त्याचीच भीती वाटली. म्हणून ड्रोन पेटीत घातलं आणि निघाले. सीमा ओलांडली की हे पत्र तुझ्या लॉजच्या मॅनेजरकडून वर पाठवीन. वाचून झालं की खिडकीतून बघ, मी खाली रस्त्यावर उभी असेन. नको म्हणायचं असेल तर खाली ये, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हण.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
उत्कर्षा