आकडा सांग आणि गप्प बस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ता. ६ मार्च १९८३

ति. सौ. जगदेवी अक्कास,
महानंदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे खैरियत आहे, तुमची कळव. पत्राला उशीर झाला म्हणून तू फुगली असशील. पण अक्का, लातूर जिल्हा झाल्यापासून मला फुरसत कसली ती नाही. पूर्वी डाळमिलचे कागद घेऊन मुनीमजी उस्मानाबादला जायचे. आता कचेऱ्या इथंच आल्या, तसं रेवणप्पा शेठनी ते सगळं काम माझ्या गळ्यात घातलं. सकाळी टायपिंग, दुपारी पुरवठा कचेरी, संध्याकाळी फोन. पगार मात्र नुसत्या टायपिंगचा, नोकरीला लागले तेव्हाचाच.

दिवाळीत विचारलं होतं. शेठजी म्हणाले, दुष्काळ आहे, तूर आली नाही, आणि तू तर मला लेकीसारखी. लेकीशी कुणी पगाराचं बोलतं का? वर बायकोच्या, मल्लम्माकाकूंच्या, हातून इरकली साडी दिली. मी खुळी ती घेऊन हसत घरी आले.

आता घाई आहे ती अव्वासाठी. आपल्या गावची विहीर आटली. अहमदपूरहून टँकर एक दिवस येतो, एक दिवस येत नाही. आपण दोघी लेकी असून या वयात अव्वा घागर घेऊन लांब मळ्यापर्यंत जाते, आणि विचारलं तर म्हणते, मला काय धाड भरलीय! इथं शेजारच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या आहेत. दारातच हापसा, त्याला अजून पाणी आहे. घरमालकीण दानम्मा पाडव्यापर्यंत थांबायला तयार आहे. पण आताच्या पगारात भाडं झेपत नाही, आणि शेठजींपुढं उभी राहिले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. काहीतरी सुचव.

विहिरी आटल्या तेवढ्या पुरे. तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
महानंदा


धर्माबाद, ता. १४ मार्च १९८३

चि. महानंदा हिस,
जगदेवीचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्या भावजींना कामाला लावलं. ते मिरचीच्या आडतीत मुनीम. मालकांच्या नाही म्हणायच्या तऱ्हा त्यांना पाठ. त्यांना लोडाला टेकवून रेवणप्पा शेठ केलं आणि मी महानंदा झाले. पहिल्याच वाक्यात मी अव्वाची विहीर काढली. ते इतक्या मायेनं कळवळले म्हणतेस, अरेरे, अरेरे, आणि पगार जिथल्या तिथं! दुसऱ्यांदा मी रागावले, तर म्हणाले, मग दुसरीकडं बघ. तिसऱ्यांदा आकडा सांगितला आणि घाबरून लगेच माझा मीच कमी केला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग ह्यांनी सांगितलं ते ऐक. दुःख सांगू नको. त्याची कीव मिळते, पगार मिळत नाही. वाढलेलं काम सांग. आकडा सांग आणि गप्प बस. शेठजी बोलतील, खोकतील, चहा मागवतील; तू बोलायचं नाही. बाई गं, तू झोपेतही बडबडतेस, म्हणून मला खरी फिकीर त्याचीच आहे.

साडी दिली तर घेऊ नको. अगदीच चांगली असली तर माझ्यासाठी घे.

जीव तुझ्याकडं लागला आहे. आमच्यावरही माया राहू दे.

तुझी,
अक्का


लातूर, ता. २९ मार्च १९८३

ति. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

वाढ मिळाली! हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटची ओळ आधी वाचशील.

काल सकाळी शेठजी पूजा करून, विभूती लावून गादीवर बसले, तेव्हाच गेले. म्हटलं, मला टायपिंगसाठी घेतलं होतं, आता कचेऱ्यांचं सगळं मीच करून राहिले. दुष्काळी कामांवर डाळ पुरवायचा ठेका मिळाला, त्याच्या फेऱ्या मीच मारल्या. पगार दीडपट करा. आणि गप्प बसले.

अक्का, ते गप्प बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. शेठजी म्हणाले, दीडपट? दुष्काळ दिसत नाही का तुला? मी गप्प. म्हणाले, मिल अर्धा दिवस बंद असते. मी गप्प. मग लेकीसारखी आहेस म्हणाले, तेव्हा मात्र तोंड उघडलं. म्हटलं, लेक समजता याचा आनंदच आहे, पण लेकीला तुम्ही रोज रांगेत, उन्हात उभं केलं नसतं. ते काम नोकराचं, तर पगारही नोकराचा द्या.

ते लालबुंद झाले. म्हणाले, आणि नाही म्हटलं तर? मी सांगितलं, महिना भरेपर्यंत काम करीन, नव्या माणसाला शिकवीन आणि जाईन. नव्या जिल्ह्यात टायपिस्ट लागतातच. म्हणाले, जा मग. मी नमस्कार करून उठले. दारापर्यंत जाताना दोन खोल्या, हापसा, अव्वा, सगळं हातचं गेलं असं वाटलं. डोळे भरून आले.

मागून हाक आली. शेठजी म्हणाले, बस. मीही तरुणपणी आडतीत नोकर होतो. मालकाला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून न विचारताच नोकरी सोडली. तू निदान विचारलंस. पाडव्यापासून सव्वापट, दिवाळीपासून दीडपट, आणि कचेरीला जायचं तर रिक्षा मिलच्या पैशानं. मी मनात भाडं मांडून बघितलं. बसत होतं! म्हटलं, टाइप करून आणते, सही करा. तेव्हा मात्र ते इतक्या मोठ्यानं हसले, की हमाल पोतं टाकून बघायला आले.

भावजींना माझा साष्टांग नमस्कार सांग. दोघांची माया अशीच पाठीशी असू द्या.

तुझी,
महानंदा


लातूर, ता. १८ एप्रिल १९८३

ति. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पाडव्याला अव्वा आली. पाटा-वरवंट्यासकट आली, कंडक्टर कुरकुरत होता. हापसा हलवला आणि पाणी आलं, तशी पोरीसारखी हसली. मग गल्लीतल्या सगळ्यांच्या घागरी तिनंच भरून दिल्या.

संध्याकाळी शेठजी आणि मल्लम्माकाकू बत्तासे घेऊन घर बघायला आले. शेठजींनी अव्वाकडं तक्रार केली, तुमच्या पोरीनं मला घाम फोडला. अव्वा म्हणाली, बेस केलं. मग म्हणाली, शेठ, तुमच्याकडं डाळ निवडायला बाया लागत्यात नव्हं? मला दिसभर नुसतं बसवत न्हाई. शेठजी खूश होऊन म्हणाले, या की, घरचीच मिल आहे. अव्वा म्हणाली, येते, पर रोज काय देता ते आधी सांगा.

शेठजींनी सांगितलं. अव्वा म्हणाली, लई कमी हाय. शेठजींनी माझ्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि चार आणे वाढवले. अव्वा म्हणाली, मला एकटीला वाढवून कसं चालंल? बाकीच्या बाया मला शेजारी बसू देत्याल का? काकू इतक्या हसल्या, की बत्ताशांचं ताट कलंडलं. शेठजी बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत राहिले. शेवटी म्हणाले, बरं, सगळ्यांना.

आज सकाळी शेजारची शरणम्मा अव्वाला बोलवायला आली. ती तिथं वर्षानुवर्षं डाळ निवडते. दोघी गप्पा मारत माझ्या आधीच मिलला गेल्यासुद्धा. मी अजून वेणीच घालत होते.

मे महिन्यात सगळे या. तुम्हा सगळ्यांचा लोभ मावेल एवढं घर आता आहे.

तुझी,
महानंदा