नाही म्हणणारं माणूस

प्रिय कप्तानबाई,

तुझा निरोप पडद्यावर पाहिला. नवी टोपी शोभते, गालफडं मात्र बसलीत. मी पडद्यावर उत्तर देणार नाही. माझं बोलणं तुझ्या त्या तळावर पोहोचायला चाळीस मिनिटं, तुझं इकडे यायला चाळीस, तोवर मी कशावरून चिडले होते तेच विसरते. म्हणून हा कागद. रसद नेणाऱ्या यानातून येईल. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

अकरा वर्षांच्या फेरीवर निघायचंय आणि उपकप्तान कोण ते ठरत नाही, म्हणतेस. एकीकडे तुझा धाकटा भाऊ, दुसरीकडे ती इंजिनांवरची बाई, जिला तू खडूस म्हणतेस. तारायानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण इस्पितळाच्या कपड्यांची धुलाई मी एकतीस वर्षं चालवली, हाताखाली बावीस बायका होत्या. मी नसताना कारखाना कुणाच्या हाती द्यायचा, हा घोर मलाही होता.

आधी मी माझ्या नणंदेला नेमलं. घरचं माणूस, गोड स्वभाव, सांगेन ते करायची. एकदा मला ताप भरला होता. त्या भरात मी तिला सांगितलं, ऑपरेशनचे हिरवे कपडे ब्लीचच्या हौदात टाक. तिनं टाकले. बाहेर आले ते चितळासारखे ठिपके घेऊन. आठवडाभर डॉक्टर तेच घालून हिंडत होते आणि आमच्याकडे बघून दात खात होते. मी विचारलं, तुला दिसत नव्हतं का गं? तर म्हणाली, दिसत होतं की वहिनी, पण तुम्हीच सांगितलंत ना. तिच्यावर रागावता पण येईना. चूक माझीच होती, तिनं ती घड्या घालून माझ्या हाती दिली एवढंच.

मग धाकट्या जावेला नेमलं. तुमची काकूआजी. आठवते ना? शाळा सुटली की तुम्ही दोघं वाळल्या चादरींच्या ढिगावर चढून बसायचात आणि ती कान धरून खाली उतरवायची. मग थंडी असली की इस्त्रीखालचा गरम टॉवेल तुमच्या गळ्यात गुंडाळायची. वाफेनं खिडक्या पांढऱ्या व्हायच्या, त्यावर तू बोटानं यानं काढायचीस. साबणाचा तो वास आता कुठं येत नाही. हल्ली कपडे धुतात की नुसती फुंकर मारतात देव जाणे.

तर जाऊ. तोंडानं माझ्याहून तिखट, म्हणजे बघ. एका सकाळी दोनशे चादरी द्यायच्या होत्या आणि बॉयलरचा काटा लाल रेघेला टेकला. मी म्हटलं, चालू दे, काही होत नाही. तिनं सरळ आग विझवली आणि बॉयलरसमोर स्टूल टाकून हाताची घडी घालून बसली. मी तिचं माहेर काढलं, तिच्या आईचा स्वयंपाकसुद्धा काढला. ती म्हणाली, वहिनी, ओरडा हवं तेवढं, पण आज हा पेटायचा नाही. इस्पितळाला चादरी संध्याकाळी मिळाल्या, मला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, नळी उघडली, तर त्याचं बोट आरपार गेलं. तो भिंतीजवळ इस्त्री करणाऱ्या बायकांकडे बघत राहिला.

दरवेळी ती बरोबर असायची असं नाही हं. एकदा बॉयलर शिट्टी घालतोय म्हणून सगळं बंद पाडलं, तर शिट्टी इस्त्रीवालीची होती. आम्ही पंधरा पंधरा दिवस बोलायचो नाही. पण ती असताना मी निवांत झोपले. ती गेली तेव्हा मी रडले नाही, सगळे म्हणाले, काय कठोर बाई आहे. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक चुकीचा हुकूम सोडला, कुणी काही बोललं नाही, तेव्हा रडू आलं.

तुझी ती खडूस बाई. चाचणीच्या दिवशी तिनं तुला सगळ्यांदेखत सांगितलं ना, कप्तान, हे मी सुरू करणार नाही? आणि तू अर्ध्या तासाच्या निरोपात तिच्या नावानं बोटं मोडलीस. मी तेव्हा मनात म्हटलं, पोरीचं नशीब चांगलं आहे.

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगते. धाकटा मंगळवारी आला होता. आकाशाचे नकाशे त्याला तोंडपाठ आहेत, त्याच्या हुशारीत खोट नाही. दुपारभर माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. शेवटी म्हणाला, आजी, मला नाही गं जायचं, माझं मन इथंच आहे, पण ताईला कसं सांगू? लहानपणी तू म्हणालीस की झाडावर चढायचा, उतरता येत नसलं तरी. आजही तू विचारलंस तर हो म्हणेल, आणि अकरा वर्षं तुझ्या प्रत्येक हुकमाला हो म्हणत राहील. म्हणून त्याला विचारूच नकोस. त्याचं ‘नाही’ मी लिहून पाठवतेय, तेवढं घे आणि त्याच्यावर रुसू नकोस. मी म्हातारी काही अकरा वर्षं पुरणार नाही. तू खाली उतरशील तेव्हा दारात आपलं कुणीतरी उभं असायला हवं.

तुझीच, पण तुझा हुकूम न ऐकणारी,
आजी