वरच्या मजल्यावरचे मासे

दि. ६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. फोन कानाला लावला की मला धड ऐकू येत नाही, आणि त्याचं कारण आमच्या डोक्यावर राहतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. त्यांच्याकडे काचेची मोठी पेटी आहे, पेटीत मासे आहेत आणि पाण्यात हवा सोडणारा पंप आहे. त्या पंपाची बारीक, तारेसारखी शिट्टी छतातून झिरपते आणि थेट माझ्या डाव्या कानात घर करते. पुष्कळ सोसलं. शेवटी पेपर तपासताना साध्या बेरजा चुकायला लागल्या, तेव्हा इमारतीच्या कमिटीपुढे तक्रार नेली.

तिथे मी सगळं रीतसर मांडलं. आवाज कुठल्या खोलीत जास्त येतो, झोपेचं कसं खोबरं होतं, कामावर काय परिणाम होतो. गणिताच्या बाईंपुढे तोंड कोण उघडणार? ड्रायव्हर उठून हळूच म्हणाले की पंप तसा मुकाच आहे, कुणीही येऊन ऐकावं. त्यावर मी म्हटलं की आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाच्या कानावर कोण विश्वास ठेवील. सगळे हसले. मग ठरलं की परवापासून मी शाळेतून घरी आले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी पंप बंद ठेवायचा.

आता दोन दिवसांत हा त्रास संपेल. तुझं चष्म्याचं दुकान कसं चाललंय? तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


दि. १३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, माझी लहानपणीची एखादी चूक आत्ता उघडकीला आली. इकडे सगळं ठीक. काल एका गृहस्थांनी नवा चष्मा दिसत नाही म्हणून दुकान डोक्यावर घेतलं. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

तू कमिटीत मैदान मारलंस हे वाचून तुझी भावजय खूश झाली. मला मात्र एक विचारायचं आहे, रागावू नकोस. कमिटीकडे जाण्याआधी एकदा वर जाऊन पंप ऐकला होतास का? आणि ही शिट्टी शाळेत असताना ऐकू येते का? मागच्या वेळी तू इथे आलीस तेव्हाही टीव्ही बंद केला तरी कसलातरी आवाज येतोय म्हणून घरभर फिरत होतीस. शिवाय जेवताना तुझा जबडा असा कटकट वाजत होता की तुझ्या भावजयीला वाटलं, भातात खडा लागला. बिचारीने तांदूळ पुन्हा निवडले. एकदा कान दाखवून ये. माझी शंका खोटी ठरली तर मला हवं तेवढं हस.

तुझ्या धाकाखाली सुखात असलेला,
ठोंब्या


दि. २ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आज लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

परवा शाळेतून परतले तेव्हा ड्रायव्हर आवारात भिंतीलगतची माती उकरत होते. शेजारी बादली. मी उगाच विचारलं, झाड लावताय का? ते म्हणाले, मासे गेले. पेटीत मासे फार, पंप बंद असला की हवा पुरेना. आधी दोन गेले, मग बाकीचे एकदमच. त्यांची बायको अर्धांगाने अंथरुणाला खिळली आहे. पेटी तिच्या खाटेसमोर ठेवली होती, कारण तिला मान वळवता येते ती त्याच बाजूला. हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं त्यांच्या पायाखाली राहून मी कधी विचारलं नाही. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, आता तुम्हाला त्रास होणार नाही.

पंप कायमचा बंद झाला. शिट्टी तशीच आहे.

तू विचारलं होतंस म्हणून कबूल करते. ती शाळेतही येते. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळी पोरं माना घालून लिहीत होती आणि शिट्टी माझ्याबरोबर बाकांमधून फिरत होती. ती तिथे आधीही ऐकू यायची. मी म्हणायचे, रात्रीची कानात राहिली असेल. पंप बंद असायचा त्या रात्रीही ती यायची, तेव्हा म्हणायचे, ते चोरून चालवत असतील. खरं म्हणजे मला तसंच हवं होतं. आता ड्रायव्हर लिफ्टपाशी दिसले की मी जिन्याने जाते. माझ्या वर्गातल्या पोरांनी असं केलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते तुला ठाऊक आहे.

अक्का


दि. ९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं चुकलं नाही असं मी लिहिणार नाही, तुला ते पटायचंही नाही. पण कानाच्या डॉक्टरांकडे जा. मी रजा काढून येऊ शकतो, हाताला धरून दवाखान्यात नेतो. वरच्या घरी मात्र तुला एकटीलाच जावं लागेल. तुझी भावजय म्हणते की लाज दुधासारखी असते, वेळेवर उकळली नाही तर नासते. हे तिने आत्ताच बनवलं असावं, पण मला पटलं.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
ठोंब्या


दि. २८ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान चांगले आहेत. मग त्यांनी खालचा जबडा पुढे काढायला सांगितला, तशी शिट्टी चढली. दात आवळायला सांगितले, तशी आणखी चढली. त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी माझ्या कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडमिट करायला लावलं. त्या म्हणाल्या की जबड्याचा सांधा कानाला अगदी खेटून असतो आणि माझा तो दुखावलाय. झोपेतच काय, जागेपणीही मी दात आवळून असते. दाढा झिजून सपाट झाल्यात. शिट्टी त्यामुळेच असावी. कमी होईल, पण पुरती जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही. रात्री दातांवर बसवायला एक कवच दिलंय, शेक सांगितलाय, मऊ खायला सांगितलंय. दिवसा ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवायचे. जन्मभर मी उलटं करत आले.

दवाखान्यातून निघताना मला हलकं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. दुखण्याला नाव मिळालं, म्हणजे त्याच्या आड लपायची सोय झाली. म्हणून घरी न जाता तशीच वर गेले.

ड्रायव्हरांनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सुरुवात केली, तर त्यांनी घाईने आत पाहिलं आणि हळू बोलायची खूण केली. बायकोला त्यांनी सांगितलंय की पेटी गळत होती म्हणून मासे मित्राकडे ठेवलेत. तिच्यापुढे काही बोलू नका, असं म्हणाले. मला तिच्याजवळ बसवून ते चहा टाकायला गेले.

तिचा ओठ एकाच बाजूने हलतो. मला उजवा कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. ती थांबत थांबत म्हणाली, “मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते. मी हाका मारल्या. माझी हाक यांच्यापर्यंत जात नाही.” मग म्हणाली, हे यांना सांगू नका, मला काही माहीत नाही असंच त्यांना वाटू दे.

चहा आला. ठोंब्या, दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि गप्प राहणं मला फार सोयीचं होतं. दात आवळले गेलेत हे माझ्या लक्षात आलं. ते सोडवले आणि दोघांच्या देखत सांगितलं की पंपाला आवाज नव्हता, आवाज माझ्या जबड्याचा होता, आणि मासे मेले ते माझ्यामुळे, बटण बंद करणाऱ्यामुळे नाही.

ड्रायव्हरांनी कप खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा त्यांना कळलं की ती सगळं पाहत होती. ते खाटेच्या कडेला बसले आणि तिचे पाय धरून राहिले. मी तिथे असायला नको होतं. बरोबर केलं की आणखी एक घाव घातला, अजून समजत नाही.

मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले की मासे आज ना उद्या पुन्हा आणता येतील. पण आयुष्यभर गाडी चालवली, एवढ्या लोकांत कुणी खोटं पाडलं नव्हतं. यावर मी क्षमा मागितली, पण ती जिन्यात मागून काय उपयोग?

येत्या रविवारी मी कमिटीची बैठक बोलवायला लावली आहे. त्या दिवशी हसलेले सगळे असतील. काय बोलायचं ते मांडून ठेवलेलं नाही. उभी राहीन आणि सांगेन. तुला जमलं तर ये, मागच्या खुर्चीवर बस. लोक काय वाटेल ते बोलतील, माझी बाजू घेऊ नकोस.

आहे तशीच, तरी तुझी,
अक्का