वार्ताहर कोण, याचा ठराव

११ जानेवारी २०२५

फॉर्म भरायला घेतला आणि तिसऱ्याच रकान्यात अडकले! ‘मागील बारा महिन्यांतील दोन कात्रणे, नावासह.’

कात्रणं पोतंभर आहेत. बावीस वर्षं पेपरात लिहितेय— कापसाचा बाजार, जिनिंग मिलची आग, पाण्याचे टँकर, शाळांची गॅदरिंगं. नाव एकावरही नाही. प्रत्येक बातमीच्या डोक्यावर तेच— सेलू (वार्ताहर). परभणीला बसलेले आमचे संपादक माणिकराव म्हणतात, “तालुक्याच्या वार्ताहराचं नाव छापत नसतेत ताई. शेफारतेत.”

पेपरात माझं नाव आजवर एकदाच आलंय. सासूबाई गेल्या तेव्हाच्या जाहिरातीत. शोकाकुल मंडळींत, खालून तिसरं.

हा सगळा उद्योग निकितासाठी. चारठाण्याच्या गॅरेजवाल्या सिद्धोधनची पोरगी. पुढच्या महिन्यात संभाजीनगरजवळ मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती आहेत, त्यात पळणार आहे. आपल्या भागातली पहिली मुलगी! प्रेक्षकांना दोरीच्या बाहेर लांब उभं राहायचं. पत्रकाराचा पास असला तर आत, गाड्या उभ्या असतात तिथपर्यंत जाता येतं. ती म्हणाली, “ताई, तुमी आत असताल ना?” मी म्हणाले, असणार म्हणजे असणारच. बोलून बसले!

१२ जानेवारी

मंगेशराव दुकानात पेपरचे गठ्ठे सोडत म्हणाले, “पासच्या कार्डाला काय चाटायचंय का? तिकीट काढून बघ की बाहेरून.”

मी म्हणाले, निकितासाठी पाहिजे. इथं खरं लिहिते— निकिता आहेच, पण मला ते कार्डही पाहिजे. गळ्यात अडकवायचं, फोटो असलेलं, त्रिवेणी मंगेश साखरे असं नाव असलेलं. एकदा तरी.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देऊन माणिकरावांकडून शिफारसपत्र मागून घेतलं, फोनवरच. संध्याकाळी आलं. ‘आमचे सेलू येथील वार्ताहर यांस प्रवेश देण्यात यावा.’

नाव नाही! आता हसावं की रडावं.

१५ जानेवारी

दुसरं पत्र आलं. नावासकट. “सवय हाय ताई, मनावर घेऊ नका.”

१९ जानेवारी

‘मोटार क्रीडाप्रकारांचे वृत्तांकन’ या रकान्यात ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स स्पर्धेच्या चार बातम्या जोडल्या. कोण हसतं ते हसू दे. दोन चाकांची ट्रॉली उलटी, चुन्याच्या रेघेत, एका दमात मागं न्यायची म्हणजे पोरखेळ नव्हे. भल्याभल्यांची ट्रॉली आडवी होते. चारठाण्यात मी सहा वर्षं ही स्पर्धा लिहितेय.

२१ जानेवारी

आयोजकांच्या माध्यम कक्षातून अर्पिता नावाच्या मुलीचा फोन. गोड बोलते, पण नियमाची पक्की. “मॅडम, रिव्हर्सची बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली, फारच छान आहे. पण नाव नुसतं पत्रात आहे, कात्रणांवर नाही. तो वार्ताहर म्हणजे तुम्हीच, हे कशावरून?”

कशावरून! मी म्हणाले, “गावाला विचारा.”

“तसं काही लेखी मिळेल का?”

२३ जानेवारी

चारठाण्याला जाऊन आले. स्कूटीवर कंबर मोडली. सरपंच भुजंगराव ओट्यावर बसून शेंगा खात होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लेखी पायजे ना? मग ठरावच करू की. सव्वीसला ग्रामसभा हायच.”

मी म्हणाले, नको हो, नुसतं एक पत्र द्या. “पत्र कुणी बी देतंय. ठराव म्हंजे ठराव. आमच्या पोरीची बातमी बाहेरून उभं राहून लिवताव का तुमी?”

२६ जानेवारी

झाला! अजून खरं वाटत नाही.

झेंडावंदन, जिलेबी, मग ग्रामसभा. आधी गटारी, मग स्मशानभूमीचं शेड, मग ‘आयत्या वेळचे विषय’. भुजंगराव उठले. ग्रामसेवक घाबरला. “साहेब, असा ठराव बसतो का कुठं?” भुजंगराव म्हणाले, “न बसायला काय झालं? बसवा.”

मागून कुणीतरी ओरडलं, पुरावा काय? सगळे हसले. तेवढ्यात सगुणाबाई उठल्या. सत्तरीच्या, काठी टेकत. “माज्या गल्लीतला हापसा आठ म्हैने बंद व्हता. ह्या बाईनं येऊन इचारलं, वहीत लिवून घेतलं. पेपरात आल्यावर तिसऱ्या दिशी मिस्त्री आला. नाव नव्हतं त्याच्यावर. पण आमाला काय म्हाईत न्हाई व्हय, कुणी लिवलं ते?”

मी जिलेबीच्या ताटलीकडे बघत बसले. वर बघायची सोय नव्हती, डोळे भरले होते.

ठराव क्रमांक अकरा. ‘दैनिकात सेलू (वार्ताहर) या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या बातम्या सौ. त्रिवेणी मंगेश साखरे याच लिहितात, असे ही ग्रामसभा सर्वानुमते जाहीर करते. सूचक— सगुणाबाई. अनुमोदक— सर्व.’ खाली सही आणि गोल शिक्का. निकिता गॅरेजमधून तशीच आली होती, हाताला ऑइल. तिनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

२८ जानेवारी

अर्पिताचा फोन. “मॅडम, ग्रामसभेचा ठराव? असा रकानाच नाहीये आमच्याकडे.” मग बराच वेळ हसण्याचा आवाज. “वर पाठवते.”

३१ जानेवारी

काही नाही. दिवसातून चाळीस वेळा मोबाइल उघडते.

४ फेब्रुवारी

मंजूर!! मंजूर, मंजूर, मंजूर!

नियम दोन पानं आहेत. बंद बूट हवेत, चपला चालणार नाहीत. अपघात झाला तर जबाबदारी ज्याची त्याची, सही करा. शर्यतीनंतर नावासह छापलेलं कात्रण पाठवा, तरच जूनमधल्या फेरीचा पास.

माणिकरावांना सांगितलं. गडी एकदम मवाळ! “आता तर नाव छापावंच लागतंय. वर काय टाकायचं ते तुमचं तुमीच टाका. ऑपरेटरला सांगतो, ताईचं एक अक्षर हलवायचं न्हाई.”

मंगेशराव न सांगता बाजारातून कॅनव्हासचे बूट घेऊन आले. एक नंबर मोठे. पुढं कापूस कोंबला— सेलूत कापसाला काय तोटा!

१५ फेब्रुवारी

कार्ड गळ्यात आहे. लिहितानासुद्धा काढलेलं नाही. फोटो बरा नाही, पण नाव एकदम शुद्ध.

धूळ म्हणजे धूळ! बाकीच्या पत्रकारांकडे हातभर लांब कॅमेरे, माझ्याकडे वही. एकानं विचारलं, “मॅडम, कुठल्या चॅनेलच्या?” मी म्हणाले, “सेलू.” त्यानं कॅमेरा दुसरीकडे वळवला. आज नुसता सराव होता. निकिताची गाडी वळणावर जरा जास्तच बाहेर जाते, असं मलासुद्धा कळलं. तिला सांगितलं तर म्हणाली, “ताई, ट्रॉली हाय का ती?”

रात्री मुक्काम मावसबहिणीकडे.

१६ फेब्रुवारी

निकिता पहिल्याच फेरीत पडली. माझ्यापासून वीस हातांवर! पण गाडी उचलली, लाथ मारून सुरू केली, आणि अकरा जणांत सातवी आली. बाकीचे दहाही मुलगे.

गाड्यांच्या तळावर गेले तर हेल्मेट काढून उभी, तोंडभर चिखल. म्हणाले, पडलीस ते लिहू का? “लिवा की. पण उठले ते आधी लिवा.”

परतीच्या रेल्वेत मोबाइलवरच बातमी टाइप केली. डोकं सगळं त्या वळणावर होतं, बोटं आपली आपण चालत होती. सेलू यायच्या आत पाठवली. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

सकाळी गठ्ठा मीच फोडला. पहिलं पान, फोटोसकट, चार कॉलम!

सेलू (वार्ताहर).

माणिकरावांना नको नको ते लिहून पाठवलं. बावीस वर्षांचं सगळं. बूट कपाटावर फेकले.

१८ फेब्रुवारी

माणिकरावांनी माझीच मेल मला परत पाठवली. पहिली ओळ— ‘सेलू (वार्ताहर)’. मीच लिहिलेली. एक अक्षरही हललेलं नाही! मंगेशराव हसून हसून खुर्चीतून घसरले. मग मीपण.

माफी मागितली. बूट खाली काढून पुसले. आणि जूनच्या पाससाठी भुजंगरावांना फोन लावला— एक मेची ग्रामसभा किती वाजता?